आठवी रात्र

सात दिवस मी बोललो नाही.
कळमन्याच्या मिरची यार्डात
माझ्या जागी शालिक हर्रास पुकारत होता,
आणि शालिकचा आवाज, खरं सांगतो,
ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा.

चाळिशीत कोणी टॉन्सिल काढतं का, सासरे म्हणाले,
ते लहान पोरांचं काम.
पण वीस वर्षं मिरचीची धूळ गिळलेली,
दर दोन महिन्यांनी तापानं फणफणलेला मी.
खोब्रागडे बाई म्हणाल्या, काढून टाकू.
पोरांचं लवकर भरतं, तुमचं वेळ घेईल.
पाणी पीत राहा. दुखलं तरी गिळा.
'दुखलं तरी' त्यांनी दोनदा म्हटलं होतं.

मी नाही गिळलं.
एप्रिल संपत आलेला, पारा पंचेचाळीसवर,
तोंड उघडं टाकून कूलरची हवा प्यालो, पाणी नाही.
थुंकी गिळायची तरी कानापर्यंत काच जायची.
त्या कानासाठी मेहुण्याची एक गोळी घेतली,
त्याच्या गुडघ्याची.
कोणाला लिहून दाखवलं नाही.

आठव्या रात्री दीड वाजता
तोंडात कोमट काहीतरी.
लोखंडी.
बेसिनवर वाकलो, दिवा लावला,
आणि जन्मभर लाल रंग विकणाऱ्या मला
हा लाल ओळखू आला नाही.

प्रणिता ओरडली नाही.
दुधाचा गंज मोरीत उपडा केला, माझ्या हातात दिला:
आडवं होऊ नका. गिळू नका. यात थुंका.
हिला कसं माहीत, विचारता येईना.
(दवाखान्याचा कागद मी घडी करून ठेवला होता.
तिनं घडी उघडली होती.)

स्कूटीवर मागे मी, मांडीत गंज.
सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवर मेट्रोचे खांब
एकेक करून मागे जाऊन राहिले,
दर चौथ्या खांबाला मी थुंकत होतो.
आग्याराम देवीच्या चौकात कुत्री उठली.
धंतोली. पांढरे दिवे.

रात्रपाळीचा डॉक्टर, मिशीही धड न फुटलेला.
"कितवा दिवस?"
मी आठ बोटं दाखवली.
त्यानं मान हलवली, जसा हाच भाव निघणार होता.
"खपली सुटते या दिवसांत, काका.
कोरड्या घशात ओरबाडून सुटते, खालची शीर उघडी पडते.
रक्त पातळ करणारी गोळी घेतली काय?"
मेहुण्याचा गुडघा आठवला.
मी छताकडे पाहिलं. प्रणितानं माझ्याकडे.

सलाईन. रक्तगट. चिमट्यात आलेली गुठळी,
पिकल्या जांभळासारखी.
मग औषधात भिजवलेला बोळा
कपारीत दाबून, पाच मिनिटं, दहा.
थांबलं.
मग पोटात गेलेलं सगळं उलटून गंजात आलं,
आणि पुन्हा सुरू.
"आत घ्यावं लागेल, मॅडम," तो फोनवर म्हणाला.

आमच्याकडचे जुने अडते
रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवत,
तोंडानं एक शब्द नाही.
प्रणिताला ती भाषा येत नाही.
तरी हिरव्या चादरीखाली
तिनं माझी तीन बोटं दाबली, मग एक, मग मूठ.
तीनशे दहा? कशाचे?
मी सौदा मान्य केला.

जाग आली तेव्हा बाई उभ्या.
"एक बारीकशी शीर. जाळून बंद केली.
आता तरी पाणी प्याल?"
प्यालो. काच गिळली, घोट मोजून.

जूनमध्ये ढिगापाशी उभा राहिलो.
पहिली हाक निघाली ती शेळीच्या करडासारखी,
तीनशे दहा! विनाकारण.
"काहून भाऊ," एक व्यापारी हसला, "ऊन लागलं का?"

गंज परत दुधाला वापरला नाही.
तिनं राखेनं तीनदा घासला
आणि कूलर गळतो तिथे ठेवला.
रात्री त्यात थेंब पडतो, थांबतो, पडतो.
मी अंधारात मोजत राहतो,
मग उठतो,
एक ग्लास पाणी पितो.